अकराव्या प्रश्नाचे उत्तर

३ जुलै १९८९ रोजी माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, आयुष्यातला पहिला पगार आणून आईच्या हातात ठेवला. रक्कम एक हजार तीनशे ऐंशी रुपये. आईने नोटा मोजल्या नाहीत, नुसत्या चाळल्या आणि विचारले, "हे नेमके कशाचे गं?"

"मुलांशी बोलायचे."

"बोलायचे पैसे देतात?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली न घेताच सांगितले, "मग आपल्या घरात सगळ्यात श्रीमंत तू असायला हवी होतीस."

ताई तेव्हा मोठ्या रुग्णालयात मुलांच्या मानसिक आरोग्याच्या विभागात साहाय्यक म्हणून लागली होती. विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या बोळाच्या टोकाला, धुतलेल्या चादरींच्या खोलीशेजारी एक खोली. त्यात दोन खुर्च्या, एक बुटके टेबल आणि टबभर मोडकी खेळणी. मी तिला डबा द्यायला जायचो तेव्हा त्या टबातल्या एका डोळ्याच्या बाहुलीशी माझी चांगली ओळख झाली होती. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो. ताळेबंद जुळला की दिवस चांगला, एवढे माझे जग. ताईचे काही जुळायचेच नाही. संध्याकाळी चपला काढता काढताच तिचे बोलणे सुरू व्हायचे, आणि तक्रार रोज तीच: मुले फार उशिरा येतात.

"आज एक आठवीतला मुलगा आणला होता. वर्षभर शाळा सोडून घरात बसलाय. आई म्हणते, तिसरीपासूनच गप्प गप्प होता. आता तिसरीत त्याच्याजवळ कोण होतं? त्याच्या वर्गाच्या बाई होत्या. त्यांना वाटलं, किती शहाणं पोर, आवाज म्हणून नाही."

"मग तू आता काय करणार?" मी विचारले.

"त्याच्यासाठी जमेल ते करीन. पण मला तिसरीत जायचंय."

ती खरोखरच तिसरीत गेली. रुग्णालय सोडून एका संशोधन संस्थेत लागली, तिथूनच डॉक्टरेट केली, आणि मुले आजारी पडण्याच्या आधी शाळेतच काय करता येईल हा तिचा जन्मभराचा विषय झाला. समोरच्या काकूंनी आईला विचारले, "पोरगी हल्ली कुठे असते?" आई म्हणाली, "शाळाशाळांत जाऊन मुलांची डोकी तपासते." काकू हळहळल्या. एवढी शिकून शेवटी उवाच बघायच्या नशिबी आल्या, असे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या दोन नातींना घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. ताईने बारीक फणी शोधून काढली आणि दोघींची डोकी साफ करून दिली. नकार देणे तिला कधी जमलेच नाही.

लग्न तिने एका दातांच्या डॉक्टरशी केले. आमचे भावोजी स्वभावाने गमत्ये. पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या दोघांचं काम एकच. मी दात किडल्यावर जातो, ही किडायच्या आधी जाते. म्हणून घर माझ्या कमाईवर चालतं." ताई म्हणायची, "आणि म्हणूनच तुम्हाला बघितलं की मुलं रडतात." त्यांना दोन मुले झाली. घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. आमच्या स्वयंपाकघरातली भिंतीकडची खुर्ची मात्र लग्नानंतरही तिचीच राहिली.

ताईने जे तयार केले त्याला शाळांमध्ये 'मनाचा तास' म्हणत. आठवड्यातून एकदा. त्यात धडा नाही, परीक्षा नाही. सुरुवातीला बाई किंवा सर स्वतः सांगणार की आज त्यांना कसे वाटते आहे. मग मुले सांगणार. राग आला की काय करायचे, मित्र अचानक बोलेनासा झाला तर काय करायचे, आपल्याला काही सहन होईनासे झाले तर कोणाला गाठायचे, याचा सराव. मोठ्यांसाठी सराव वेगळा होता: मुलाने "काही नाही" म्हटले की लगेच उपदेश सुरू न करता आणखी एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणे शिक्षकांना सगळ्यात जड जायचे. ताईने एकदा आईवर प्रयोग केला होता. आई दहाएक सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, "आता बोलू का?"

ऐकायला हे सोपे वाटते. पण यामुळे खरेच काही फरक पडतो हे दाखवायचे कसे? न झालेल्या आजाराची नोंद कोणत्या खात्यात करायची, असे मीच तिला एकदा चेष्टेने विचारले होते. ती म्हणाली, "तेच तर काम आहे माझं, शहाण्या."

त्यासाठी तिने आठ शाळा घेतल्या. एकमेकींसारख्या दोन-दोन शाळांच्या चार जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एका शाळेत मनाचा तास लगेच सुरू करायचा, दुसरीने दोन वर्षे थांबायचे. दोन्हीकडच्या मुलांना वर्षाला एकदा तीच प्रश्नावली द्यायची. दोन वर्षांनी दोन्हीत फरक दिसला तर तासाचा उपयोग आहे असे म्हणता येईल, आणि मग थांबलेल्या शाळांनाही तो मिळेल. कोणी थांबायचे हे ताईने ठरवायचे नाही, म्हणून संस्थेच्या सभागृहात सगळ्या मुख्याध्यापकांच्या देखत चिठ्ठ्या काढल्या. पत्र्याच्या डब्यातून.

एका मुख्याध्यापकांना मुले इस्त्रीसर म्हणत. त्यांच्या शर्टाच्या बाहीवरची घडी बघितली की नाव का पडले ते कळायचे. त्यांच्या वाट्याला थांबण्याची चिठ्ठी आली. ते उभे राहून म्हणाले, "म्हणजे आमची शाळा नापास?"

"सर, ही चिठ्ठी आहे, परीक्षा नाही," ताई म्हणाली.

"तुमच्या चिठ्ठीत काय लिहिलंय?"

"थांबणे."

"तेच ते," म्हणत इस्त्रीसर खाली बसले.

दोन वर्षे गेली. २००७ च्या फेब्रुवारीत ताई एका संध्याकाळी आमच्याकडे आली, आपल्या खुर्चीत बसली आणि काही न बोलता जेवायला लागली. माझ्या बायकोने दोनदा वाढले, तिसऱ्यांदा वाढताना विचारले, "ताई, काय झालंय?"

"काही नाही."

बायकोने आणखी एक प्रश्न विचारला, "घरचं की कामाचं?" आणि गप्प राहिली. ताईला हसू आले. "चांगली शिकलीयेस," म्हणाली, आणि सांगायला लागली.

निकाल उलटा आला होता. ज्या शाळांत मनाचा तास झाला नव्हता त्यांचीच मुले जास्त आनंदात होती. महिन्याभराने पैसे देणाऱ्या समितीची बैठक होती. हा निकाल समोर गेला की काम बंद. ताईची नोकरी राहिली असती, पण चार साहाय्यक घरी गेले असते, ज्या शाळांत तास सुरू होता तिथला बंद झाला असता आणि थांबलेल्या शाळांना तो कधीच मिळाला नसता. वर कागदोपत्री कायमचे राहिले असते की मुलांना बोलते केले की ती बिघडतात.

"सगळ्याच शाळांचं असं आलं?" मी विचारले.

"नाही रे. तीन जोड्यांत फरक थोडा थोडा आपल्या बाजूने आहे. एका शाळेने सगळं उलटं केलंय. तिथलं एकूण एक मूल रात्री शांत झोपतं. एकालाही कशाची भीती वाटत नाही. एकाचंही कोणाशी भांडण नाही." तिने ताटातला शेवटचा घास उचलला. "माझ्या घरात दोन मुलं आहेत. त्यातलं एक झोपत नाही आणि दुसरं भांडतं. मुलं अशी नसतात."

"मग ती शाळा वगळून टाक," बायको म्हणाली.

"निकाल आवडला नाही म्हणून शाळा वगळायची? तसं केलं तर उद्या माझ्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवायला नको. तिथं काही गडबड झाली असेल तर ती कळली पाहिजे, आणि शाळेने ती लिहून दिली पाहिजे."

शाळा कोणती हे मी विचारले नाही. बाहीवरची घडी डोळ्यांसमोर आलीच होती.

संस्थेची गाडी घेऊन गेले तर त्याला तपासणीचे रूप येईल, म्हणून शनिवारी माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही माझ्या गाडीतून गेलो. शाळा नीटनेटकी होती. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेल्या विटा, भिंतीवर निकालाचे फलक, जिन्याखाली चकचकीत घंटा. मधली सुट्टी सुरू होती. पटांगणात तीन मुली दोरीवर उड्या मारत होत्या. दोघी दोरी फिरवत होत्या, एक मधे. तिघी एका ठेक्यात म्हणत होत्या:

"एकला नाही, दोनला नाही, तीनला हो! चारला नाही, पाचला नाही, सहाला हो!"

ताई थांबली. तिची बोटे आपोआप मोजायला लागली. सहापर्यंत आल्यावर तिने माझा दंड धरला.

"काय म्हणताय गं?" तिने मुलींना विचारले.

"उत्तरं," मधली मुलगी उडी न चुकवता म्हणाली.

"कशाची?"

"मनाच्या परीक्षेची. आमच्या शाळेचा पहिला नंबर येणारे. सर म्हणालेत."

"आणि एखादीच्या मनात दुसरंच असेल तर?"

दोरी थांबली. त्या मुलीने ताईकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "दुसरं लिहिलं की मार्क जातात."

इस्त्रीसरांच्या खोलीत आम्हाला चहा मिळाला, बशीसकट. ताईने आडपडदा ठेवला नाही. पटांगणात जे ऐकले ते सांगितले. सरही लपवाछपवी करणाऱ्यांतले नव्हते.

"हो, तयारी करून घेतली. गणिताची घेतो, शास्त्राची घेतो, तुमचीही घेतली. पहिल्या वर्षीच्या उरलेल्या प्रती तुमचीच माणसं आमच्या कपाटात ठेवून गेली होती."

"ती चूक आमची, सर. प्रती मोजून परत न्यायला हव्या होत्या. पण यात बरोबर उत्तर नसतंच."

"ज्याला बरोबर उत्तर नाही असा प्रश्न शाळेत विचारायचा कशाला?"

माझ्या तोंडात चहा होता म्हणून बरे, नाहीतर मी हसलो असतो. ताई हसली नाही.

"तुम्ही डब्यातून चिठ्ठी काढलीत आणि निघून गेलात," सर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मुलं मला विचारतात, सर, पलीकडच्या शाळेला घेतलं, आपल्याला का नाही? काय सांगू मी? डबा नीट हलवला नाही म्हणून? मग मी सांगितलं, दाखवून देऊ त्यांना. तासाशिवाय आपण किती चांगले आहोत ते. मुलं जीव तोडून पाठ करत होती, बाई."

"आणि त्यामुळे असं ठरतंय की तास नसलेला बरा. तुम्ही थांबलात, आता तुमची पाळी येणार होती. ती जाईल. बाकीच्यांचाही तास जाईल."

सरांनी बशी सरळ केली. "तुम्ही समितीला काय सांगायचं ते सांगा. मी लिहून देणार नाही. मुख्याध्यापकाने मुलांना खोटी उत्तरं पढवली, असं मी माझ्या हाताने लिहू? इथून जायला मला दोन वर्षं राहिलीत."

ताईकडे बघून मला वाटले, संपले. ती पर्स उचलून उठणार, एवढ्यात कोपऱ्यातून कोणीतरी "सर" म्हटले. सहावीच्या वर्गाच्या बाई वह्यांचा गठ्ठा पोटाशी धरून बसल्या होत्या. वर्गाची माहिती विचारली तर असाव्यात म्हणून सरांनीच त्यांना बोलावून ठेवले होते.

"सर, मी सांगू का? तो अकरावा प्रश्न होता ना, 'मला त्रास झाला तर ज्याला सांगता येईल असं एक तरी मोठं माणूस माझ्याजवळ आहे.' त्याचं उत्तर आपण 'हो' असं पाठ करून घेतलं होतं. तयारीच्या वेळी एक मुलगी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, बाई, आणि नसेल तर?"

"मग?" सर म्हणाले.

"मी म्हटलं, नसलं तरी हो लिही."

पटांगणात दोरी पुन्हा सुरू झाली होती. जमिनीवर आपटल्याचा आवाज आत येत होता.

"कोण मुलगी?" सरांनी विचारले.

"नाव नाही सांगत, सर. तुम्ही तिला बोलावून घ्याल आणि समजावत बसाल."

सर रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि टेबलाच्या खणातून शाळेचा छापील कागद काढला. ताई म्हणाली, "सर, मसुदा हवा असेल तर मी..."

"मी मराठीचा शिक्षक आहे, बाई," ते म्हणाले आणि लिहायला लागले. एकही खाडाखोड न करता पानभर लिहिले. खाली सही, शिक्का, तारीख. लिहून झाल्यावर म्हणाले, "सोमवारी मी मुलांना सांगतो, खरं खरं लिहा म्हणून."

"सर, एक विनंती. ते तुम्ही सांगू नका," ताई म्हणाली. "तुम्ही सांगितलं की तेही पाठ करतील."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच सरांच्या मिशा हलल्या. "मग मी काय करू?"

"त्या कागदाला मार्क नव्हते, एवढंच सांगा."

सोमवारी त्यांनी ते सांगितले. एक हात वर झाला: "सर, मग आम्हाला मिळालेले मार्क परत घेणार का?"

समितीच्या अध्यक्षांनी सरांचे पत्र वाचले आणि फोनवर ताईला मुदत दिली: पंधरा दिवसांत, सगळ्या आठही शाळांत, नव्या प्रश्नावलीने, एकदाच. त्यानंतर जे येईल ते शेवटचे. ताईने आणि तिच्या साहाय्यकांनी दोन दिवसांत प्रश्नांची भाषा बदलली, क्रम बदलला. आता हजारभर प्रती हव्या होत्या. संस्थेच्या लेखापालांनी सांगितले की या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही. मी त्यांच्याच धंद्यातला, त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. तरतूद नसली की नसते. माझ्या ऑफिसखाली झेरॉक्सचे दुकान होते. दुकानदाराने गठ्ठे बांधताना वरचा कागद वाचला आणि विचारले, "साहेब, मोठ्यांसाठी असलं काही असतं का?"

इस्त्रीसरांनी परीक्षेच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या भाषेत परीक्षेच्या, चक्क रजा टाकली. शाळेत थांबलो तर वर्गात डोकावल्याशिवाय राहवणार नाही, म्हणाले. या वेळी एकूण एक प्रत मोजून परत आली. ते काम ताईने स्वतः केले.

समितीच्या बैठकीला मी नव्हतो. ताईने जे सांगितले ते असे. फरक दिसला. चारही जोड्यांत, तासाच्या बाजूने. पण लहान. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "एवढासाच?" ताई म्हणाली, "एवढासाच. मुलंही एवढीशीच आहेत. दर वर्षी एवढासा मिळाला तरी चालेल." त्यांना ते पटले की जेवणाची वेळ झाली होती, ते तिला आजवर कळलेले नाही. काम तीन वर्षांसाठी पुढे चालू राहिले.

इस्त्रीसरांची शाळा खालून दुसरी आली. हे कळल्यावर त्यांनी ताईला फोन करून विचारले, "सगळ्यात खाली कोण?" ताईने सांगितले नाही. जूनमध्ये त्यांच्या शाळेत मनाचा तास सुरू झाला तेव्हा ते पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर वही-पेन घेऊन बसले, आणि सुटताना सहावीच्या बाईंना म्हणाले, "यातलं महत्त्वाचं काय तेवढं खुणा करून द्या."

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे ताईने मला कधी सांगितले नाही. तिच्या कामात ते सांगत नाहीत. पण दोन-तीन महिन्यांनी बोलता बोलता एवढे म्हणाली की, सहावीच्या बाई हल्ली मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा खात नाहीत, वर्गात खातात, आणि एकट्या खात नाहीत.

ताई मागच्या वर्षी निवृत्त झाली. मनाचा तास आता बऱ्याच शाळांत चालतो; किती, हे ती विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारले की आधी तो नीट चालत नाही अशा शाळांची यादी सांगते. समोरच्या काकूंच्या नाती आता आया झाल्या आहेत. त्यांनी आपली मुले ताईकडे आणली, पण फणी बरोबर आणली नाही. भावोजी अजून दात काढतात आणि तोच विनोद सांगतात.

त्या वेळच्या झेरॉक्सचे सातशे अठ्ठावीस रुपये मी भरले होते. पावती संस्थेत जमा आहे. रक्कम अद्याप आलेली नाही.